राजीखुशीने

कागदावरची सही तिचीच होती. रंजनाने ती लांबूनच ओळखली. 'र'ची शेपटी खाली ओढलेली, 'ना'चा काना वरच्या रेघेतून निसटून बाहेर आलेला. टेबलापलीकडच्या तक्रार अधिकारी दक्षाबेन मॅडमनी कागद तिच्याकडे फिरवला आणि सहीखाली बोट ठेवून विचारलं, "बेन, आ सही तमारी छे?" सहीच्या वर दहा-बारा ओळी गुजराती होत्या. रंजनाला बोललेली गुजराती सगळी समजायची, भाजीवाल्याशी वाद घालण्याइतकी बोलताही यायची. पण सुरतेत चौदा वर्षं काढूनही अक्षरं म्हणाल तर बसच्या पाटीवरची तेवढी ओळखू यायची. ती म्हणाली, "हो, माझीच." मग मॅडमनी कागद स्वतःकडे वळवला आणि सावकाश, मोठ्याने वाचला. माझी मुलगी गायत्री हिच्या दोन्ही पायांत दोष असल्याने ती शाळेत बसू शकत नाही, तिला घरी राहून शिकवावं अशी माझी इच्छा आहे, हे मी राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय लिहून देत आहे. खोलीत पंखा फिरत होता. रंजनाच्या उजव्या हाताला शाळेचे आचार्य बसले होते. मुख्याध्यापकांना इकडे आचार्यच म्हणतात. त्यांच्या पलीकडे अश्विनीबाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. रंजनाने त्यांच्याकडे पाहिलं ते अगदी सहज, आता या सांगतील, अशा नजरेने. असं काही नाही मॅडम, काहीतरी घोटाळा झालाय, असं बाई आत्ता म्हणतील. दक्षाबेननीही त्यांच्याकडेच पाहिलं. अश्विनीबाई पर्सच्या चेनकडे बघत म्हणाल्या, "हो मॅडम. ताईंना मी वाचून दाखवलं होतं. त्यांनी समजून सही केली."

रंजनाला पहिल्यांदा राग आला नाही. आपणच ऐकायला चुकलो असं वाटलं. कानात पंख्याचा आवाज मोठा झाला आणि तळहात गार पडले, गायत्री सातव्या महिन्यात झाली तेव्हा पडले होते तसे. तेव्हाही कोणीतरी पांढऱ्या कोटात उभं राहून एक वाक्य बोललं होतं आणि ते वाक्य दुसऱ्याच कोणाला उद्देशून असावं असं तिला बराच वेळ वाटत राहिलं होतं. मुलीचे पाय ताठ राहतील, डोकं मात्र चांगलं चालेल. ते खरं निघालं. गायत्री चार वर्षांची झाली तेव्हा वॉकर धरून उभी राहिली, सहाव्या वर्षी त्याच वॉकरने उधन्याच्या मराठी शाळेत पहिलीत गेली. पहिली ते चौथीचे वर्ग खाली होते, फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला. रंजना तिला दारापर्यंत सोडायची आणि घरी येऊन साड्यांवर खडे चिकटवायला बसायची. दुपारी आणायला जायची तेव्हा पोर पाढे म्हणत बाहेर यायची. चार वर्षं हे इतकं सरळ चाललं की वरच्या मजल्यावरही वर्ग आहेत, पाचवी तिथे भरते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ते आणून दिलं आचार्यांनी, आणि त्यावर वाट दाखवली अश्विनीबाईंनी. चौथीच्या त्या वर्गबाई. परभणीकडच्या, वडील कापडाच्या लूमवर कामाला, स्वतः शिकून बी.एड. झालेल्या. वयाने रंजनापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान असतील. गायत्रीला त्या कधी उचलून घ्यायच्या नाहीत. इतर बाया उचलायच्या, गाल ओढायच्या, बिच्चारी म्हणायच्या. अश्विनीबाई फळ्याजवळ उभ्या राहून हाक मारायच्या, "गायत्री, ये, हे गणित सोडव," आणि पोर बाकांना धरत धरत फळ्यापाशी जाईपर्यंत सगळा वर्ग थांबवून ठेवायच्या. रंजनाने एकदा खिडकीतून ते पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, आता ही पडेल, आणि बाई तर हाताची घडी घालून उभ्या. गायत्री पडली नाही. घरी येऊन म्हणाली, "मम्मी, बाई म्हणतात मी हळू आहे पण मी चुकत नाही." त्या दिवसापासून रंजनाच्या घरात त्या बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला. चौथी संपत आली तेव्हा आचार्यांनी रंजनाला बोलावून सांगितलं, पुढच्या वर्षी वर्ग वर, जिन्याला चोवीस पायऱ्या, पोर पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची? त्या दुपारी ती घरी आली आणि खड्यांचा डबा समोर ठेवून नुसती बसून राहिली. संध्याकाळी फोनवर अश्विनीबाईंचा आवाज आला. मेसेज बोलून पाठवलेला. "ताई, घाबरू नका. अपंग मुलांचा कायदा आहे, दोन हजार सोळाचा. मुलाला वर्गात जाता येत नसेल तर शाळेने सोय करायची असते. जिना चढणं हे गायत्रीचं काम नाही, वर्ग खाली आणणं हे शाळेचं काम आहे. घरी शिकवायची सोय ज्यांना शाळेत येताच येत नाही त्यांच्यासाठी असते, ती आपल्यासाठी नाही. तुम्ही अर्ज द्या. नाही ऐकलं तर शिक्षण खात्यात तक्रार ऐकणारे अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा. फक्त ताई, माझं नाव कुठे घेऊ नका. माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची आहे." नाव घेणार नाही, असा उलट मेसेज रंजनाने लगेच बोलून पाठवला. बाईंचा मेसेज मग तिने किती वेळा लावला याला गणती नाही. साडीवर खडे बसवताना फोन बाजूला ठेवून ती तो लावायची. कायदा हा शब्द तिने आजवर पोलीस आणि घरमालक यांच्या तोंडून ऐकला होता, आपल्या बाजूने कोणी वापरलेला कधी ऐकला नव्हता. गायत्रीला तर तो पाठ झाला होता. बाईंसारखी मान तिरकी करून ती म्हणून दाखवायची, वर्ग खाली आणणं हे शाळेचं काम आहे, आणि खुदकन हसायची.

नवऱ्याला, कुंदनला, हे सगळं पटलं नव्हतं. तो पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बारा-बारा तास उभा असायचा, घरी यायचा तो नखांच्या कडांना रंग घेऊन. "कसाले भांडस तू?" तो म्हणाला होता. "साहेब लोकेस्ना नादले लागू नको. घर बसीसन शिकी ती." घरी बसून शिकेल ती. रंजना त्याला म्हणाली होती, "बाई शेत आपला संगे." बाई आहेत आपल्याबरोबर. तो नखांतला रंग खरवडत बसला होता. आता त्या खुर्चीवर बसून तिला ते स्वतःचं वाक्य आठवलं आणि लाज वाटली, भर रस्त्यात पदर पायाखाली येऊन तोंडावर पडावं तशी.

सही कधी झाली? ती आठवू लागली. एप्रिलात. उकडत होतं, दारावर ओलं पोतं टांगलं होतं. अश्विनीबाई पहिल्यांदाच घरी आल्या होत्या म्हणून रंजनाची धावपळ झाली. शेजारच्या मंगलाबाईंकडून तिने चांगले कप आणले. बाई गादीच्या कडेवर टेकल्या आणि पिशवीतून दोन कागद काढले. "ताई, तुमचा अर्ज ऑफिसला गुजरातीतून पाठवावा लागतो. मी करून आणलाय. दोन प्रती आहेत." रंजनाने पुसायच्या फडक्याला हात पुसले, बोटांना लागलेला गोंद निघाला नाही म्हणून पुन्हा धुतले आणि दोन्ही कागदांवर सही केली. दुसऱ्या कागदाच्या वेळी बाई गायत्रीकडे बघत होत्या. गायत्री त्यांना चित्राची वही दाखवत होती. चहा समोर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज माझा उपवास आहे." उपवासाला चहा चालतो, हे रंजनाला त्या वेळी सुचलं नाही. तिला वाटलं, परभणीकडे चालत नसेल. तिने कप उचलून नेला आणि दारापर्यंत सोडायला गेली, आणि बाई चप्पल घालताना तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमची पोर." रंजनाने ते वाक्यही जपून ठेवलं होतं.

म्हणजे एक कागद अर्जाचा होता आणि एक हा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा फाटकावरच्या शिपायाने सांगितलं, तुमच्या मुलीचं नाव घरच्या शिक्षणात गेलंय, आठवड्यातून दोनदा एक बाई घरी येतील. गायत्री नव्या गणवेशात, वॉकर धरून, फाटकाच्या आतल्या पोरींना हात करत उभी होती. रंजनाने तिथूनच अश्विनीबाईंना फोन लावला होता. "वरून आलंय ताई, मी काय करू," त्या म्हणाल्या होत्या, आणि नंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. रंजनाला वाटलं, बिचारीवर दबाव असेल. उलट तिला बाईंची काळजी वाटली. त्यांच्याच मेसेजमध्ये ऐकलेलं ऑफिस शोधत ती एकटी गेली, तक्रार मराठीत लिहून दिली, आणि तिथेही कोणी सांगितलं का असं विचारल्यावर म्हणाली, "नाही, मीच चौकशी केली." आपण त्यांना वाचवतोय अशा समजुतीत ती तीन आठवडे होती.

"बेन?" दक्षाबेन विचारत होत्या. "तुम्हाला काही बोलायचंय?" आचार्य पुढे सरकले. "मॅडम, आम्ही मुलीच्या भल्यासाठीच केलं. पालकांचीच इच्छा होती. आता कोणीतरी कान भरले असतील." कोणीतरी. रंजनाने अश्विनीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खालीच ठेवली होती. मानेवर घामाचा एक थेंब होता आणि तो ओघळेल म्हणून रंजना उगाच थांबून राहिली. तिला सांगता आलं असतं की मला गुजराती वाचता येत नाही. ती ते बोललीसुद्धा. पण आचार्य लगेच म्हणाले, "म्हणून तर बाईंनी वाचून दाखवलं," आणि दक्षाबेननी त्यावर काहीतरी लिहिलं. त्या लिहिणाऱ्या पेनाकडे बघताना रंजनाच्या आत काहीतरी सुटलं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला विचारत राहिली की तेव्हा आपण गायत्रीचा विचार करत होतो का. नव्हतो, बहुतेक. त्या क्षणी गायत्री कुठेच नव्हती. फक्त ती खाली घातलेली मान होती आणि तिला ती वर करायला लावायची होती. तिने पिशवीतून फोन काढला, मेसेज शोधायला वेळ लागला नाही, आवाज पूर्ण वर नेला आणि फोन टेबलावर ठेवला.

"ताई, घाबरू नका," अश्विनीबाईंचा आवाज म्हणाला. सरकारी खोलीत तो फार तरुण वाटला. घरी खड्यांच्या डब्याजवळ वाजायचा तेव्हा तो असा वाटला नव्हता. कायदा, दोन हजार सोळा, वर्ग खाली आणणं हे शाळेचं काम. दक्षाबेनना मराठी बऱ्यापैकी समजत असावं, त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी शिकवायची सोय आपल्यासाठी नाही. इथे रंजनाला फोन बंद करता आला असता. पुढचं वाक्य तिला माहीत होतं. तिचं बोट उचललं गेलं आणि पदराशी जाऊन थांबलं. माझं नाव कुठे घेऊ नका, आवाज म्हणाला, माझी नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची आहे. अश्विनीबाईंनी मान वर केली होती. रंजनाला वाटलं होतं की त्यांच्या चेहऱ्यावर शरम दिसेल. तिथे नुसती भीती होती, फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर असते तशी.

दक्षाबेननी फार वेळ लावला नाही. आचार्यांना त्या गुजरातीत, आवाज न चढवता म्हणाल्या की जी मुलगी चार वर्षं चालत शाळेत आली ती शाळेत येऊ शकत नाही असं लिहून घेताच येत नाही, आईने खरोखर राजीखुशीने दिलं असतं तरी. सोय करणं शाळेवर बंधनकारक आहे, ती टाळायला पालकांची सही चालत नाही. तळमजल्यावर कॉम्प्युटरची खोली आहे ना? ती वर जाईल, पाचवी खाली येईल, सात दिवसांत. लेखी मिळेल. रंजनाला त्यांनी त्या कागदाची झेरॉक्स दिली. "ठेवा. आणि वाचता येत नाही त्यावर सही करू नका, बेन." आवाजात माया होती. रंजना जिंकली होती. तिने झेरॉक्सची घडी पिशवीत घातली आणि ती उठली.

बाहेर व्हरांड्यात अश्विनीबाई थांबल्या होत्या. आचार्य तरातरा निघून गेले होते. "ताई, तुम्ही शब्द दिला होता," त्या म्हणाल्या.

"आणि मी सही दिली होती," रंजना म्हणाली.

"त्यांनी सांगितलं, सही आणा, नाहीतर पुढचा करार विसरा. वडिलांना आता दिसत नाही नीट, लूम सुटलाय त्यांचा. मला वाटलं, तुम्ही काही वर जाणार नाही. कोणीच जात नाही."

"मग सांगितलंत कशाला मला? कायदा-बियदा?"

अश्विनीबाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "तेव्हा खरंच वाटलं होतं म्हणून. मी सांगितलं नसतं तर तुम्हाला काही कळलंच नसतं, ताई." आणि रडू लागल्या. रंजनाला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि त्याच हाताने एक मारावीशी वाटली. तिने दोन्ही केलं नाही. बस येईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. रेशमाचे गठ्ठे लादलेले टेम्पो उधन्याकडे जात होते. ते शेवटचं वाक्य मनातून जाईना. ते खरं होतं, हाच त्याचा त्रास होता. ज्या तोंडाने सांगितलं त्याच तोंडाने नाकारलं, आणि सांगितलेलं काढून घेता येत नव्हतं, त्याच्यावरच तर आज ती उभी राहिली होती. शत्रू असता तर बरं झालं असतं. शत्रूला घरी बोलावून शेजारचे कप कोणी आणत नाही.

सातव्या नाही, अकराव्या दिवशी वर्ग खाली आला. दाराशी लाकडी उतार केला होता, त्याला नव्या फळ्यांचा वास होता. आचार्य फाटकातच हसून म्हणाले, "आलात? या, या." त्यांना नुसतं एक पत्र आलं होतं, खुलासा मागणारं, आणि खुलासा त्यांनी दिला होता. अश्विनीबाई शाळेत नव्हत्या. त्यांचा करार महिनाअखेर संपला होता आणि तो पुढे वाढला नाही. कोणी त्यांना काढलं असं कागदावर कुठेच नव्हतं. ही बातमी रंजनाला शिपायाने सांगितली, आणि तिने मान डोलवली, जसं काही दुसऱ्या कुठल्या शाळेतलं ऐकत होती. घरी आल्यावर तिने दिवसभर एकाच साडीवर काम केलं आणि संध्याकाळी पाहिलं तर बुट्टीची एक ओळ पूर्ण वाकडी गेली होती. खडे उकरून काढताना कापड फाटलं. कुंदन म्हणाला, "काय जयं वं? आते ते समदं तुन्हा मनासारखं जयं ना?" तिने हो म्हटलं.

गायत्री पहिले दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सकाळची होती. दुपारी जेवायला बसली तेव्हा तिने भात नुसता चिवडला. रंजनाने विचारलं, पोटात दुखतंय का? गायत्री म्हणाली, "वर्गातला चेतन सांगत होता, तू बाईंचं बोलणं साहेबांना ऐकवलंस. म्हणून बाई गेल्या." रंजना ताटात बघत राहिली. "त्यांनी तुला सांगितलं होतं मम्मी. माझं नाव घेऊ नका म्हणून. मला पाठ आहे ते."

आतल्या लोखंडी पेटीत, आधार कार्डांच्या पिशवीत, ती झेरॉक्स होती. गायत्रीला गुजराती वाचता येत होती, चौथीत ती घडाघडा वाचायला शिकली होती, आणि शिकवलं होतं अश्विनीबाईंनीच. पेटी उघडायची, कागद पुढे ठेवायचा, इतकंच करायचं होतं. पोरीने दोन मिनिटांत वाचलं असतं. ती शाळेत बसू शकत नाही. आणि मग विचारलं असतं, हे कोणी लिहिलं? आणि रंजनाने सांगितलं असतं, आणि आपण खरे ठरलो असतो. खरं ठरायची तिला अतोनात इच्छा झाली, तहान लागावी तशी घशातून वर आली. समोर दहा वर्षांची पोर बसली होती. चुकत नाही, फक्त हळू आहे, असं तिला एका माणसाने सांगितलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवून ती फळ्यापर्यंत चालत गेली होती. तो माणूस खोटा निघाला तर ते वाक्य कोणाचं राहील? रंजना ते वाक्य स्वतः हजारदा म्हणाली असती, पण आईने म्हटलेलं ते धरत नाही, हे तिला माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"मग त्यांना सॉरी म्हण."

"म्हणेन."

"आत्ता म्हण. माझ्यासमोर."

रंजनाने खरकटा हात धुतला. फोन लागला तेव्हा तिला वाटलं, उचलणार नाहीत, तेच बरं. चौथ्या रिंगला आवाज आला, "ताई?" मागे कुठेतरी शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. गायत्री भिंतीला टेकून डोळे मोठे करून बघत होती. रंजनाने फोन दुसऱ्या हातात घेतला. व्हरांड्यात न मारलेली ती चापट अजून हातात होती. मग तिने स्वच्छ, शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "बाई, मी तुमचं नाव घेतलं. माझं चुकलं. गायत्री इथेच आहे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग श्वास. मग अगदी हळू, "तिला सांगितलंत का, ताई? कागदाचं?"

"नाही."

त्यानंतर पलीकडून जे आलं ते रडणं होतं की नुसता दाबलेला आवाज, ते रंजनाला कळलं नाही. ती कानाला फोन लावून उभी राहिली, तो आवाज गायत्रीला ऐकू जाऊ नये म्हणून तिने तो कानावर आणखी दाबून धरला. मग तो बंद झाला, आणि तरीही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" गायत्रीने विचारलं.

"पाचवीचं गणित अवघड असतं म्हणाल्या," रंजना म्हणाली. "रोज सराव कर म्हणाल्या."

गायत्रीने ताट पुढे ओढलं.